शांतवन मास्तरांचं बक्षीस

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू झाला तसं शांतवन मास्तरांनी थेट ईस्टरपर्यंत गोड सोडलं, पण फडताळातला गुळाचा डबा काही त्यांना सोडेना. शेवटी बायकोनं, सुवार्ताबाईंनी, उपाय सांगितला. "अहो, जीभ वळवळली की बायबलातलं एक वचन पाठ करा. तोंडही गुंतेल आणि मनही सावरेल."

उपाय लागू पडला. मास्तरांची जीभ दिवसातून पाच-सहा वेळा वळवळायची, त्यामुळे महिनाभरात सगळ्यांत लांब स्तोत्र, एकशे शहात्तर वचनांचं, तोंडपाठ झालं.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये पाठांतराची स्पर्धा होती. मास्तरांनी ते स्तोत्र न अडखळता म्हटलं आणि पहिले आले. पाळकसाहेबांनी कौतुकानं बक्षीस हातात ठेवलं: किलोभर कंदी पेढे.

ईस्टरला अजून आठवडा होता. खोक्यातून वेलदोड्याचा वास येत होता. बायकांच्या बाकावरून सुवार्ताबाई टक लावून बघत होत्या. मास्तरांनी खोका बगलेत मारला, खिशातलं छोटं बायबल काढलं आणि तिथंच उभ्या उभ्या पुढचं स्तोत्र पाठ करायला घेतलं.

"मास्तर, स्पर्धा संपली," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"तुमची संपली," मास्तर म्हणाले. "माझी आत्ता सुरू झाली."