दुसरं कार्ड

हजेरीचं यंत्र दुसऱ्यांदा टिंग वाजलं आणि वर्नाने गॅरेटचं मनगट धरलं.

“एका थोबाडाची दोन कार्डं?”

रांग थांबली. मागची पोरं फिदीफिदी हसली. गॅरेटचे कान लाल झाले. आत सभागृहात गोळ्यांच्या नशेवरचं व्याख्यान सुरू व्हायला पाच मिनिटं होती. हजेरी लागली नाही तर पुढच्या सत्राचे विषय निवडता येत नाहीत. त्यामुळे दर सप्टेंबरात एक शहाणा हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याची कार्डं खिशात घालून येतो. पण तो पलीकडच्या दाराने जातो. या दारावर आठ वर्षं वर्ना स्टॅम्पर बसत होती. एरवी ती मेसच्या दारात बसायची, आणि तिथेही तिची नजर चुकवून कुणी आत शिरल्याचं ऐकिवात नव्हतं.

“जाऊ द्या ना, मिस वर्ना. रूममेटचं आहे. एलियटचं.”

“मग एलियट कुठाय? की त्यालाही खिशात घालून आणलायस?”

“झोपलाय. आज केमिस्ट्रीचा पेपर ना, रात्री जागायला कुणाकडून तरी गोळी घेतली त्याने. झालं उलटंच! असा घोरतोय, ट्रॅक्टर परवडला. हलवलं, उशी हाणली, ढिम्म नाही. शेवटी पांघरूण घातलं आणि आलो.”

पोरं पुन्हा हसली. वर्ना हसली नाही.

“कसा घोरतोय? काढून दाखव.”

“ऑं?”

“काढ म्हणते ना!”

गॅरेटने घशातून आवाज काढला. लांबलचक, ओला, नळीत पाणी अडकल्यासारखा.

“मध्ये थांबतो?”

“थांबतो.” त्याचं हसू जागच्या जागी सुकलं. “बराच वेळ थांबतो.”

वर्ना उठली. टेबलावर गोळ्यांची नशा उतरवणाऱ्या, नाकात मारायच्या औषधाच्या पांढऱ्या डब्या रचून ठेवलेल्या होत्या. व्याख्यान पूर्ण ऐकल्याशिवाय डबी मिळणार नाही, हा नियम, आणि तो वर्नाइतका कुणी पाळला नव्हता. तिने दोन डब्या उचलल्या.

“पळ. आणि पळता पळता ९११ लाव, ॲम्ब्युलन्स मागव.”

“मिस वर्ना, पोलीस येतील. त्याची स्कॉलरशिप जाईल.”

“स्कॉलरशिप मढ्याला मिळत नाही. लाव फोन!”

हिरवळीवरून ती पाय ओढत धावली. मागे तिचं यंत्र मोकाट टिंग टिंग वाजत राहिलं. हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर गॅरेट खोलीच्या दारात उभा होता. फोन कानाला, चेहऱ्यावर सुटकेचा भाव.

“बघा, थांबलं घोरणं! आता नीट झोपलाय.”

वर्नाने त्याला बाजूला ढकललं आणि पांघरूण ओढून काढलं. एलियटचे ओठ जांभळे पडले होते. तिने मुठीची हाडं त्याच्या छातीवर जोरात रगडली. काही नाही. डबी फोडली, एका नाकपुडीत फवारा मारला. मान मागे केली, नाक चिमटीत धरलं, तोंडाला तोंड लावून श्वास भरला. एक. पुन्हा एक. वर्नाची शाळा आठवीत सुटली होती. व्याख्यानाच्या पडद्यावरची अक्षरं तिला धड वाचता येत नव्हती. पण आठ वर्षं तिने त्या दाराशी बसून शब्द न् शब्द ऐकला होता, आत बसलेल्या पोरांसारखा मोबाइलमध्ये डोकं खुपसून नाही. हात कुठेच अडला नाही.

दोन मिनिटं झाली. तीन झाली.

“मिस वर्ना...”

“रडू नंतर. दुसरी डबी फोड.”

दुसऱ्या नाकपुडीत दुसरा फवारा. पुन्हा श्वास. पुन्हा.

एलियटच्या छातीने एकदम उसळी घेतली. घरघरत, खोकत त्याने हवा ओढली. वर्नाने त्याला कुशीवर वळवलं आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिली. खाली सायरन वाजत आला.

गॅरेट भिंतीला टेकून खाली घसरला होता.

“मला खरंच झोपलाय वाटलं. मी... मी पांघरूण घालून निघून आलो, मिस वर्ना.”

वर्नाने जमिनीवरचं पांघरूण उचललं. त्याची घडी घालायला लागली.

“माझ्या वेस्लीच्या अंगावर मीही घातलं होतं,” ती म्हणाली. “वर घरभर दम दिला होता, पोरगं दमून झोपलंय, खबरदार कुणी उठवलंत तर.”