ओंजळभर तांदूळ

"ओंजळभर तांदूळ कमी भरतायत बरं का रे!" आई स्वयंपाकघरातून कुरकुरली.

श्रीरंगचं लक्ष होतं कुठे! आपल्या इवल्याशा गाडीसाठी त्याने सबवूफरचा, म्हणजे घुमणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, लाकडी खोका स्वतः बेतला होता. धडधड छातीत जाणवायची तर खोक्यात नेमकी वीस लिटर हवा मावायला हवी, म्हणून पठ्ठ्याने आईचे तांदूळ मापामापाने त्यात ओतून पाहिले आणि पुन्हा डब्यात भरून ठेवले. एवढा खटाटोप शलाकासाठी. तिला लग्नाचं विचारायला गेलं की याची बोबडी वळायची. आज गाणंच काय ते विचारेल, असं त्याने ठरवलं होतं.

संध्याकाळी ती गाडीत शेजारी येऊन बसली. खोका सीटांच्या मागे, त्याच्या हवेच्या नळीचं तोंड बरोबर दोघांच्या डोक्यांकडे. श्रीरंगने देवाचं नाव घेऊन आवाज पूर्ण चढवला.

पहिल्याच ठोक्याला नळीतून भस्सकन तांदूळ उडाले आणि दोघांच्या डोक्यांवर बरसले. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

शलाकाने केसांतला दाणा काढून निरखला.

"अरे शहाण्या, अक्षता टाकण्याआधी मुलीला विचारायचं तरी असतं!"