एकही ओरखडा नाही

नवरा ऑफिसातल्या मैत्रिणीकडे कायमचा राहायला गेला. जाताना मलाच दम देऊन गेला, "माझ्या रेकॉर्ड्स नंतर नेईन. एकीवर जरी ओरखडा दिसला, तर माझ्याशी गाठ आहे!"

आवडत्या रॉक गायकांच्या त्या शेकडो छोट्या तबकड्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. प्रत्येक तबकडी तिच्या मूळ कव्हरातच हवी, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा.

मी आठवडाभर खपले. एकेक तबकडी कडेने धरून पुसली आणि खोकी भरून पाठवली.

संध्याकाळी त्याचा फोन. "अगं, काय करून ठेवलंस? एकही तबकडी तिच्या कव्हरात नाही!"

"ओरखडा आहे का एक तरी?"

"नाही, पण..."



"आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरात नांदतायत, एवढंच ना? मालकाच्या वळणावर गेल्या."