जुनी आवृत्ती

अंधशाळेतला कॉम्प्युटर सुरू झाला आणि धडा वाचायच्या आधीच बोलला, “ही आवृत्ती फार जुनी आहे. तक्रार केतकीकडे करा.”

“हा तर निनाददादाचा आवाज,” एक मुलगी म्हणाली. “आणि ताई, केतकी म्हणजे तुम्हीच ना?”

केतकीनं आवाज बंद केला. वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर निनादनंच लिहिलं होतं, आवाजही स्वतःचा दिला होता. तो महिन्याला नवी आवृत्ती काढायचा. केतकी सांभाळायची ते लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, मात्र शाळांसाठीचं; चालते कॉम्प्युटर बिघडू नयेत म्हणून दोन वर्षांतून एकदाच बदलणारं. “हीच आवृत्ती घे, बिनधास्त. मी आहे ना!” असं, त्यात आपलं सॉफ्टवेअर घालताना, निनादच म्हणाला होता. तेव्हापासून त्याची प्रत्येक नवी दुरुस्ती ती हातानं या जुन्या आवृत्तीत बसवत आली होती, एकेक ओळ तपासून.

तिनं कोड उघडला. ती वाक्यं कुठल्याच दुरुस्तीत नव्हती. ती मूळ आवृत्तीतच होती, निनादनं तेव्हाच लिहून ठेवलेली; बोलायची तारीख तेवढी आजची घातलेली. मूळ आवृत्ती तिनं न वाचताच घेतली होती. मित्राची होती ना.