पुन्हा पहिल्यांदा

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी दुपारच्या शांततेत मृण्मयी दचकली. गॅस बंद करून तिनं कादंबरीचं शेवटचं पान वाचलं आणि टाळीच वाजवली. "काय लिहिलंय बाईनं! खुनी पहिल्या पानापासून डोळ्यांसमोर, तरी मला फसवलं!"

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस," श्रीरंग हसला. "त्याच खुन्याकडून किती वेळा फसशील, बायको?"

आवडत्या रहस्यकथेचं नव्यानं परीक्षण लिहायचं, तर मृण्मयी आधी दवाखान्यात जाऊन ती डोक्यातून पुसून घ्यायची. कोऱ्या मनानं वाचल्याशिवाय पुस्तकाला न्याय मिळत नाही, असं तिचं ठाम मत. ते आधी वाचतानाचे तासही सोबत आठवणीतून पुसले जायचे. पण एखादी दुपार गेली तर गेली, म्हणायची.

पाच वर्षांची रेवा मांडीत शिरली आणि मुखपृष्ठावरच्या लाल कंदिलावर तिनं बोट ठेवलं.

"आई, बाबा सांगतात ते पुस्तक हेच ना? तू हे वाचत होतीस आणि मी पहिल्यांदा चालत तुझ्याकडे आले. तू बाबांना फोन केलास, ते ऑफिसात होते."

मृण्मयीनं श्रीरंगकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"सांग ना, मी आले तेव्हा तू मला काय म्हणालीस?"