जिवंत लेकाचा चाळिसावा

प्रत्यार्पणाची फाइल तिसऱ्यांदाही परत आली. या वेळी म्हणे शिक्का निळ्या शाईचा हवा होता. तपास अधिकारी केनेशने ती टेबलावर आपटली. फरार आरोपी एर्मेक इस्तंबूलच्या कोठडीत आयता सापडला होता, आणि केनेश इथे बिश्केकमध्ये शाईचे रंग जुळवत बसला होता.

कोरियात नोकरी लावतो म्हणून एर्मेकने आपल्याच गावातली अकरा घरे बुडवली होती. लोकांनी घोड्या विकून त्याच्या हातावर पैसे ठेवले होते. "साहेब, एकदा त्याला आमच्यासमोर उभा करा," एवढेच ते मागत.

त्याच आठवड्यात एर्मेकच्या आईचा, आयिमकानआपाचा, फोन आला. "माझा लेक मला मेला. त्याचा चाळिसावा घालतेय. जेवायला या."

असल्या चाळिसाव्याला मुल्ला कसला येतो? म्हातारीनेही त्याची वाट पाहिली नाही. उरलेली एकुलती एक घोडी कापली, गाव जेवू घातले, दफनभूमीत लेकाचा चेहरा कोरलेला दगड उभा केला. सहा महिने दारात येऊन शिव्या घालणारे लोक तिच्या गळ्यात पडून रडले. केनेशला तिने दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी बसवले.

"तुम्ही सरकार. पहिली दुआ तुमची," ती म्हणाली.

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने हात पसरून मेलेल्यासाठी मागतात ती दुआ मागितली. त्याचेही डोळे भरून आले. अशी आई आणि तिच्या पोटी असले कार्टे. म्हातारीचा पुतण्या फोटो काढत होता.

चौथी फाइल सगळ्या शिक्क्यांसह पोचली. सुनावणीला केनेश स्वतः इस्तंबूलला गेला.

एर्मेकच्या वकिलाने दगडाचा फोटो दाखवला, मग चाळिसाव्याचा. "तुमचा आरोपी मेलाय. माझा अशील दुसराच कोणी आहे. एका नावाची माणसं पुष्कळ असतात."

"दुआ मागणारे हे तुम्हीच का?" न्यायाधीशांनी विचारले.

"मीच, पण..." त्या 'पण'च्या पुढचे सांगायला केनेशला अर्धा तास लागला. दुभाष्याने ते तीन वाक्यांत उरकले.

"तुमच्या सरकारचा लेखी खुलासा आणा," न्यायाधीश म्हणाले. "कोठडीची मुदत मात्र उद्या संपतेय."

कोर्टाच्या पायरीवर केनेशला रडावे की कोणाला बडवावे कळेना. अकरा घरांना काय सांगायचे? आणि त्या बिचारीला? एवढा जीव तोडून तिने लेकाला मेला म्हटले, आणि त्याचे हे असे झाले. आधी तिलाच सांगू म्हणून त्याने फोन लावला.

"आपा, कसं सांगू..."

"सुटला ना?" म्हातारी म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे, साहेब."