आडवे पट्टे

उणे दोनशे एकाहत्तर अंशांच्या थंडीत यंत्राची सुई अतिवाहक स्फटिकाच्या थरावरचे अणू चाचपत होती. तेवढा वेळ खोलीत कुणी आवाज चढवायचा नाही, हा नियम सरांनीच केलेला. आवाजानं सुई थरथरून पडद्यावर उतरणाऱ्या अणूंच्या नकाशावर आडवे पट्टे पडतात. सरांनी आज विभागप्रमुखांच्या हातात सोमवारचा पट्ट्यापट्ट्यांचा नकाशा दिला. “आठ दिवसांचं काम हिनं मातीत घातलं. काढा हिला.” सरांची विद्यार्थिनी जागची हलली नाही. “सोमवारी तुम्ही लेखातून माझं नाव उडवलंत. मी कारण विचारलं, तर इथेच ओरडलात.” “मी?” सर हसले. “वीस वर्षांत मी कुणावर ओरडलेलो नाही.” “मग पट्टे काय स्फटिकानं पाडले?” “तोंड सांभाळ,” सर कडाडले. “माझ्याकडे शिकून मलाच शिकवतेस?” प्रमुख पडद्याकडे बघत होते. सकाळपासून नितळ उतरणाऱ्या नकाशावर एकाखाली एक आडवे पट्टे उमटत गेले.